हनीसकल लावताय? खतापेक्षा कात्री हाताशी ठेवा

कोल्हापुरात हनीसकल, म्हणजे तो वासाच्या फुलांचा वेल, येतो का असं लई जण विचारतात. येतो की, उलट एकदा रुळला की आवरता आवरत नाही. फक्त रोप घेताना डोळे उघडे ठेवा, कारण नर्सरीत हनीसकल मागितलं की पुष्कळदा मधुमालतीच (दुसराच एक वेल) हातात देतात, ती पण भारीच पण तिची फुलं पांढरी उघडून गुलाबी-लाल होतात. आपण लावायचा तो जपानी हनीसकल, त्याची फुलं पानाच्या बगलेत जोडीनं येतात, पांढरी उघडतात आणि एक-दोन दिवसात पिवळी पडतात, म्हणून एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. फुलं नसतील तर एखादी जून काडी तोडून बघा, आतून पोकळ असते.

जागा अशी निवडा की पाच-सहा तास ऊन मिळेल, सावलीत वेल जगतो पण नुसता पालाच. वास संध्याकाळनंतर सुटतो (रात्रीच्या पतंगांसाठी असतो तो, आपल्यासाठी नाही), त्यामुळं खिडकीजवळ किंवा गॅलरीच्या कठड्याला लावला तर खरी मजा.

माती म्हणाल तर आपली काळी माती एकटी वापरू नका, पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. दोन घमेली काळी, दोन तांबडी, एक वाळू, एक चांगलं कुजलेलं शेणखत, बास. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिळत असेल तर जुनी, काळी पडलेलीच घ्या, ताजी गरम असते. कुंडी किमान १४-१६ इंची, खाली भोकं मोकळी. आणि युरियाच्या नादाला लागू नका, वेल हिरवागार होतो आणि फुलांच्या नावानं बोंब.

आधाराचं बहुतेक जण चुकवतात. या वेलाला बोगनवेलीसारखे काटे नाहीत की काकडीसारखे तंतू नाहीत, तो स्वतःच गोल गोल पिळत चढतो, त्यामुळं जाड खांबाला त्याची मिठी बसत नाही. जीआय (जस्त चढवलेली) तार, सुतळी किंवा जाळी द्या, भिंतीपासून तीन-चार इंच लांब, म्हणजे मागून हवा खेळते आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) कमी येते. कोवळं टोक पहिल्यांदा हातानं तारेवर फिरवून द्या, पुढचं त्याचं तो बघतो.

पाणी वरची इंचभर माती सुकली की द्यायचं. एप्रिल-मेमध्ये बुडात उसाचं पाचट पसरा, आपल्याकडं त्याला तोटा नाही आणि ओल टिकते.

आता कात्री. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरता सरता, फेब्रुवारीत, वेल तिसरा हिस्सा तरी छाटायचा, वाळक्या आणि गुंतलेल्या काड्या आधी. चार-पाच वर्षं कुणी हात लावला नसेल तर वर पाला आणि खाली नुसत्या काटक्या असा छपरासारखा होतो, तो बिनधास्त दोन फुटांवर कापा, पुन्हा फुटतो. शेजारच्या आंब्या-पेरूवर चढायला लागला की लगेच उतरवा, पिळून पिळून फांदी आवळतो.

कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो. आधी पाइपनं जोरात पाणी मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच गेला तर लिटरला ५ मिली नीमतेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर, उमललेली फुलं सोडून फवारा कारण मधमाश्या येतात. फुलांनंतर काळी बारीक फळं धरली तर ती खायची नाहीत, घरात लहान पोरं असतील तर तोडूनच टाका.

नवीन रोप पाहिजे तर मृगाच्या पावसात खालची एक फांदी मातीत वाकवून पेऱ्यावर (पानं फुटतात त्या गाठीवर) वीट ठेवा. मुळं धरली की कापून वेगळी करा. हाच गुण बाहेर त्रास देतो, अमेरिकेत शोभेला नेलेला हा वेल आज जंगलं गिळतोय, तेव्हा छाटलेल्या फांद्या ओढ्याकडं किंवा बांधावर फेकू नका, गच्चीवर कडकडीत वाळवा आणि मगच टाका.