मालकाने विमा उतरवला नसेल तर कामावरील अपघाताची भरपाई कशी मागावी

चिरेखाणीत कटिंग यंत्राच्या पात्यात कामगाराचा अंगठा गेला, की मालक पहिल्या दिवशी दवाखान्याचे बिल भरतो आणि आठवड्याने सांगतो, की विमाच उतरवलेला नाही, तेव्हा यापुढे काही देता येणार नाही. कायदा ही सबब मानत नाही. भरपाईची जबाबदारी मुळात मालकाचीच असून विमा हा ती पेलण्यासाठी त्याने केलेला बंदोबस्त असतो. तो केला नसेल, तर रक्कम त्याने स्वतः द्यायची असते. माणसे ठेकेदाराने आणली असली, तरी खाणमालकावर दावा करता येतो.

21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या अपघाताला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो, तर त्या दिवसापासूनच्या अपघातासाठी त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेचे सातवे प्रकरण पाहावे. दोन्हींत दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.

खरी अडचण पुराव्याची असते, कारण खाणीवर किंवा मच्छीमार बोटीवर नेमणूकपत्र कोणी देत नाही. म्हणून रुग्णालयात दाखल होतानाच 'काम करताना अपघात' अशी नोंद करून घ्यावी, पोलिसांना जबाब द्यावा, आणि मुकादमाच्या वहीतील हजेरी-उचलीच्या पानांचे, तसेच मोबाइलवर आलेल्या पगाराच्या नोंदींचे फोटो जपून ठेवावेत. पावसाळ्यात खाणी बंद झाल्या, की कर्नाटकातील सोबती गावी जातात. त्यांचे पत्ते त्याआधीच घ्यावेत. स्वतः गावी परतलेल्या कामगारालाही आपल्या राहत्या भागात दावा दाखल करता येतो.

मालकाला अपघाताची लेखी सूचना रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि अर्ज जुन्या कायद्याखाली नुकसानभरपाई आयुक्तांकडे, तर संहितेखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावा. आपल्या भागात हे काम कोणाकडे आहे, याची चौकशी कामगार न्यायालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावी. प्राधिकरणाकडून पात्र कामगाराला मोफत वकीलही मिळतो.

रकमेचा अंदाज एका उदाहरणाने येईल. 2024 साली 40 वर्षांच्या, महिना 15,000 रुपये मिळवणाऱ्या कामगाराचा अंगठा तुटला असेल, तर वेतनाच्या 60 टक्के म्हणजे 9,000 रुपये, त्याला वयाचा गुणक 184.17, आणि त्याच्या 30 टक्के, असा हिशेब करून 4,97,259 रुपये होतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर 1923 च्या कायद्याखाली किमान 12 टक्के सरळ व्याज लागते, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

दवाखान्यातच स्टँपपेपरवर 'माझी काही तक्रार नाही' असे लिहून घेतले असले, तरी त्याने हक्क जात नाही. घेतलेली उचलही भरपाईतून वळती करता येत नाही. हे दोन्ही प्रकार मी इतक्यांदा ऐकले आहेत, की सही करण्यापूर्वी कोणाला तरी विचारा, एवढेच सांगावेसे वाटते.

आदेशानंतरही मालकाने पैसे भरले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतात. त्यासाठी त्याच्या नावावरील खाणीचा किंवा बागेचा सातबारा आणि बोटीचा नोंदणी क्रमांक आधीच मिळवून कागदपत्रांत ठेवावा.