गेम जॅम भरवताय? आधी सेटिंग्ज बघा

ऑनलाइन गेम जॅमच्या (ठरलेल्या मुदतीत गेम बनवून जमा करायच्या उपक्रमाच्या) पानावर ‘सर्वांचं स्वागत’ लिहायला पैसे पडत नाहीत. पण बायका, दलित-आदिवासी कलाकार, तालुक्याच्या गावात जुन्या लॅपटॉपवर शिकणारी पोरं त्यातून गळतात ती वेगळ्याच ठिकाणी: मुदत, अर्ज, फाँट आणि मतदान. ही चारही ठिकाणं आयोजकाच्या हातात असतात.

४८ तासांचा पायंडा सोडा. ज्याला शनिवार-रविवार घरकाम नाही आणि दुकानावर बसायचं नाही, त्याच्यासाठीच तो आहे. दोन शनिवार-रविवार धरून १० दिवस द्या आणि प्रत्यक्ष कामाला १६ तास पुरतील एवढाच आवाका मागा. शेवट रविवारी रात्री ९ ला ठेवा. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, त्या वेळी अडलेल्याला मदत करायला कुणी जागं नसतं. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, ईद, गौरी-गणपती आणि दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा. इच.आयओ या जॅम भरवायच्या संकेतस्थळावर आयोजकाला उशिरा गेम जमा करण्याची लिंक देता येते. वीज गेल्यास ही लिंक मिळेल हे नियमांतच लिहा, नाहीतर फक्त ओळखीचेच मागतात.

अर्जात टोपणनाव पुरे. आडनाव सक्तीचं केलंत की त्यावरून जात ताडणं सुरू झालंच म्हणून समजा. कोण आलं, कोण नाही याचा अंदाज हवाच असेल तर वेगळा, ऐच्छिक, निनावी फॉर्म ठेवा आणि आकडे मोजून झाले की उत्तरं पुसून टाका.

इंजिनाची (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची) सक्ती नको, पण एक वाट नीट आखून द्या. गोडो ४ हे इंजिन फुकट आहे. प्रकल्प उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडायला सांगा. ‘फॉरवर्ड प्लस’ या दुसऱ्या रेंडररला व्हल्कनसारखं नवं ग्राफिक्स तंत्र लागतं, जुन्या लॅपटॉपवर ते अडतं, आणि वेब एक्स्पोर्ट (ब्राउझरसाठी गेम काढणं) तर कम्पॅटिबिलिटीवरच चालतो. एक्स्पोर्ट करताना ४.३ किंवा पुढची आवृत्ती घेऊन थ्रेड (कामं समांतर चालवायची सोय) बंद ठेवा. थ्रेड चालू राहिले आणि इचच्या पानावर ‘शेअर्ड-अ‍ॅरे-बफर’ या पर्यायावर खूण केलेली नसली, तर गेम सुरूच होत नाही. झिपमधली मुख्य फाइल ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ याच नावाची हवी. उघडल्यावर फाइली १,००० च्या आत आणि एकूण आकार ५०० एमबीच्या आत. खरं तर झिपच ३० एमबीच्या पुढे गेली तर मोबाइल डेटावाला खेळाडू गेलाच.

मराठी मजकुराचा घोळ बहुतेक शेवटच्या रात्री कळतो. गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. संगणकावर सिस्टिमचा फाँट धावून येतो, म्हणून सगळं ठीक दिसतं. ब्राउझरमध्ये मात्र नुसते चौकोन. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी प्रकल्पातच घाला, सोबत परवान्याची फाइलही ठेवा. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या भागात) अक्षरजुळणी मुळातून होत नाही, त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. तिथे ठरावीक मजकूर चित्र म्हणून टाकणं हा गावठी पण खात्रीचा उपाय. पहिल्याच दिवशी सगळ्यांना हे वाक्य ब्राउझरमध्ये उघडून बघायला लावा: ‘किल्ल्यावरच्या दुसऱ्या कुऱ्हाडीचं मूल्य ₹५’. हे नीट दिसलं तर बाकीचंही दिसतं.

खरी मेख मतदानात आहे. इचवर गेमला मिळालेल्या मतांची संख्या जॅमच्या मध्यकापेक्षा (सगळ्या गेमची मतं क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा) कमी असेल, तर गुण खाली ओढले जातात: मिळालेली मतं भागिले मध्यक, त्याचं वर्गमूळ, गुणिले सरासरी. समजा मध्यक १६ आहे आणि एका मराठी गेमला चारच मतं पडली, सरासरी ४.६. चार भागिले सोळाचं वर्गमूळ ०.५, म्हणजे गुण २.३. ज्यांनी खेळला त्यांना आवडलेला गेम तळाला जातो, कारण बाकीच्यांनी तो उघडलाच नाही. सूत्राचा हेतू बरोबर आहे (दोन मित्रांनी दिलेले पाचपैकी पाच गुण रोखणं), पण फटका भलत्यालाच बसतो.

म्हणून मतदान फक्त गेम जमा करणाऱ्यांपुरतं ठेवा. स्प्रेडशीटवर चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला आठ गेम वाटून द्या, त्यातले किमान दोन त्याच्या नेहमीच्या भाषेबाहेरचे. प्रत्येक गेमला साधारण सारखी मतं पडली की सूत्राचा जाच उरत नाही. मतदानाच्या पाचव्या दिवशी यादी तपासा आणि मतांत मागे राहिलेले गेम जॅमच्या चॅट-चॅनेलवर वर आणा. मराठी गेमसोबत चार ओळींचा इंग्रजी गोषवारा मागा, पण मग इंग्रजी गेमकडूनही मराठी गोषवारा मागा. एवढी उठाठेव जमणार नसेल तर क्रमवारी बंद करून परीक्षकांचे लेखी अभिप्राय द्या. पाच परीक्षकांत सुरुवातीला म्हटलेल्या गटांतले किमान दोघे हवेत, मानधन सगळ्यांना सारखं, आणि त्यांच्या वाट्याला फक्त ‘सामाजिक’ गेम ढकलायचे नाहीत.

वर्तननियम उचलताना कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट या तयार नियमावलीची २.१ आवृत्ती घ्या. तिच्यात जातीचा उल्लेख स्पष्ट आहे, २.० मध्ये नव्हता. डिस्कॉर्ड या चॅट-अ‍ॅपच्या ऑटोमॉडमध्ये (नको ते शब्द आपोआप अडवणाऱ्या सोयीत) जातिवाचक शिव्या देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत भरा, रोमनमधल्या दोन-तीन स्पेलिंगांसह. आरक्षणावरचे ‘विनोद’ यंत्राला सापडत नाहीत. त्यासाठी दोन मॉडरेटर हवेत, एक आयोजकांच्या मित्रमंडळाबाहेरचा, आणि तक्रारीला २४ तासांत उत्तर. तक्रार सार्वजनिक चॅनेलवर मागितलीत तर एकही येणार नाही.