पावसाळ्याआधी जुना पेट्रोल जनरेटर तपासून घ्या

वादळी पावसात वीज जाते त्याच वेळी जनरेटरची गरज पडते, आणि गेल्या हंगामापासून कोपऱ्यात पडून असलेले इंजिन नेमके तेव्हाच सुरू होत नाही. दोरी ओढून खांदा भरून आल्यावर मग हाताला येईल तो स्क्रू फिरवला जातो आणि छोटा बिघाड मोठा होतो. म्हणून पाऊस सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत हे काम उरकून घ्यावे. एखादा भाग मागवावा लागला तर तेवढा वेळ हाती राहतो.

दोरीला हात लावण्याआधी यंत्र बाहेरून नीट पाहा. गोठ्यात किंवा शेडमध्ये पडून राहिलेल्या इंजिनाच्या पंख्याच्या झाकणाखाली उंदीर घरटे करतात, सायलेन्सरच्या तोंडात माश्या मातीचे घर बांधतात. पहिल्याने हवा अडून इंजिन तापते, दुसऱ्याने धूर बाहेर पडत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. एअर फिल्टर काढून बघा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलचे चार थेंब चोळून घट्ट पिळा. कागदी असेल तर धुऊ नका, फक्त झटका. काळा पडला असेल तर बदला.

यानंतर ऑइल. बहुतेक फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळे घालायच्या) जनरेटरमध्ये ऑइल कमी झाले की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. ऑइल पुरेसे असले तरी जनरेटर उतारावर ठेवल्यास हा सेन्सर इंजिन चालू होऊ देत नाही. त्यामुळे आधी सपाट जागा, मग काडी बाहेर काढून ऑइलची पातळी. पातळी वर गेलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून) गळलेले पेट्रोल खाली उतरले आहे असे समजा. पातळ झालेल्या त्या ऑइलवर इंजिन अजिबात फिरवू नका. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई दुरुस्त करून सगळे ऑइल बदला. ऑइल आणि पेट्रोल एकत्र घालायच्या छोट्या टू-स्ट्रोक यंत्रांना हे लागू नाही. तिथे मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

पडून राहिलेले इंजिन सुरू न होण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे शिळे पेट्रोल. टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतले पाणीही ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते. टाकीचा नळ तळाला असल्यामुळे इंजिनाकडे आधी तेच पाणी जाते. रंग गडद झालेले किंवा आंबूस वासाचे पेट्रोल नव्यात मिसळून खपवण्याचा मोह टाळा. टाकी पूर्ण रिकामी करा, नळाखालची गाळाची वाटी आणि जाळी साफ करा.

दोष पेट्रोलचा की ठिणगीचा, हे ओळखायला एक साधी परीक्षा आहे. स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून त्याच्या भोकातून ताज्या पेट्रोलचे चार-पाच थेंब आत सोडा, सांडलेले पुसून घ्या, प्लग परत बसवा आणि दोरी ओढा. इंजिनाने दोन-तीन ठोके देऊन दम सोडला तर ठिणगी आणि सिलेंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) दोन्ही ठीक आहेत. अडचण टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत आहे. काहीच झाले नाही तर कार्बोरेटर उघडण्याची घाई करू नका, आधी प्लगकडे वळा.

कार्बोरेटर साफ करताना खालची वाटी सोडवली की मधोमध पितळी मुख्य जेट दिसते. त्याचे भोक इतके बारीक असते की राळेचा एक कणही पुरतो. ते उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहा. साफ करायला तांब्याच्या वायरची एक बारीक तार किंवा नायलॉनचा धागा घ्या. स्टीलची तार किंवा सुई घातली तर भोक मोठे होते आणि मग इंजिन कायमचे काळा धूर ओकू लागते. जेटच्या वर बाजूने बारीक भोके असलेली नळी असते. तीही खाली काढा, अनेकजण नेमकी तीच विसरतात. मंद गतीचे पायलट जेट याहून बारीक असते. इंजिन रिकामे चालताना आवाज सारखा वर-खाली होत असेल, चोक अर्धा ओढल्यावर स्थिर होत असेल, तर बहुधा तेच जेट तुंबलेले असते. अशा वेळी बरेचजण गव्हर्नरची (इंजिनाची गती सारखी ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणतात. माझ्या मते जुन्या जनरेटरचे इतके नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही. गती वाढते, व्होल्टेज वाढते आणि जोडलेली मोटर किंवा चार्जर जळतो. स्प्रिंगला हात लावू नका. मिश्रणाचा स्क्रू काढायचा असेल तर आधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेरे बसतात ते लिहून ठेवा आणि परत तेवढाच सोडा.

पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जुने जनरेटर असतील तर आणखी एक पाहा. मागच्या वेळी रॉकेलवरच बंद केले असल्यास कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल भरलेले असते आणि थंड इंजिन त्यावर पेटत नाही. वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून ते काढून टाका. यापुढे बंद करण्याआधी काही मिनिटे पेट्रोलवर चालवत जा.

इंजिन सुरू होऊन थोड्या वेळाने आपोआप बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून बघा. झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

आता ठिणगी. काढलेल्या प्लगचा रंग बरेच सांगतो: फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढते आहे. बऱ्याच छोट्या इंजिनांत प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ठिणगी पाहताना प्लगच्या भोकावर कापड ठेवा, पेट्रोलचा डबा लांब न्या, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि सावलीत दोरी ओढा. ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून बघा. तरीही नसेल तर ऑइल सेन्सरची आणि बंद करण्याच्या स्विचची वायर कॉइलपासून (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागापासून) तात्पुरती सोडवून पुन्हा पाहा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. दोष सापडल्यावर दोन्ही वायरी परत जोडायला विसरू नका, नाहीतर ऑइल संपले तरी इंजिन थांबणार नाही. इंजिनाच्या फिरत्या चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) चुंबकावर गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा.

दोरी अगदी हलकी जात असेल तर दाब नाही. बऱ्याच वेळ पडून राहिलेल्या इंजिनात वॉल्व अडकून उघडा राहतो. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढा: दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर वॉल्व पाहा. उलट दोरी हाताला झटका देऊन मागे ओढत असेल तर फ्लायव्हीलची चावी (ते जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा) कापली गेली असण्याची शक्यता आहे. रिंगा आणि वॉल्वचे काम मेकॅनिककडेच द्यावे.

इंजिन छान चालते पण करंट नाही, अशा वेळी ब्रेकर आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे तुकडे) एवढेच स्वतः पाहा, तेही इंजिन बंद करून. मीटरवर मोजकेच व्होल्ट दिसत असतील तर ब्रश किंवा व्होल्टेज रेग्युलेटरचा दोष असू शकतो. बॅटरी लावून चुंबकत्व जागवण्याचा उपाय ऐकीव माहितीवर करू नये; चुकीच्या जोडणीने रेग्युलेटर जळतो.

दुरुस्ती झाली की रिकामे इंजिन पाच मिनिटे चालवून समाधान मानू नका. खऱ्या भारावर अर्धा तास तरी चालवा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून सगळ्यात मोठी मोटर आधी आणि दिवे नंतर जोडावेत. पावसापासून वाचवायला जनरेटर घरात, गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस आणि जनावर दोन्ही त्याने मरतात. दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर, वर छप्पर पण चारी बाजू उघड्या, अशी जागा करा. घराच्या सॉकेटमध्ये उलटी वायर घालून वीज देणे म्हणजे खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाशी खेळ. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवूनच जोडणी करा. पेट्रोल भरायचे ते इंजिन थंड झाल्यावरच.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा, नळ बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग बसवा आणि जिथे जोर लागतो तिथे थांबा. त्या ठिकाणी दोन्ही वॉल्व बंद असतात, आत दमट हवा जात नाही.