दारव्ह्याहून अंदमानला डायव्हिंगचं सामान नेताना

दारव्ह्याहून नागपूर एसटीनं, पुढे विमान. म्हणून मी पाठीवर अडकवता येणारी हलकी डफल घेतो. चाकांची पेटी रिकामीच चार किलो खाते. सिलिंडर आणि शिशाची वजनं तिथेच भाड्यानं मिळतात.

रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र), मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखालची खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) कायम हातातल्या बॅगेत. रेग्युलेटरची टोपी घट्ट लावा, आमच्याकडची धूळ कुठेही शिरते. त्याची नळी मोठ्या वेटोळ्यात ठेवा. एकदा मी ती दाबून कोंबली, मुरड पडली आणि पहिला दिवस काठावर बसून गेला. फार वाईट वाटलं. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) बॅगेच्या कडांना, बाकीचं वेटसूटमध्ये (पाण्यात घालायच्या रबरी पोशाखात) गुंडाळून. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये, चाकू चेक-इनमध्ये. निघण्याआधी बॅग कापसाच्या काट्यावर तोलून घेतो.

परतीला शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको. तेवढ्यात वेटसूटही वाळतो.