‘आमचे लोक जास्त म्हणून आमचा धर्म खरा’ असं कोणी म्हटलं तर काय विचारायचं

पानठेल्यावर संध्याकाळी हा विषय निघतेच, कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर जगातल्या धर्मांचे आकडे येते आणि मग सुरू, आमचे एवढे कोटी म्हणजे आमचंच खरं. भांडू नका भाऊ, एकेक प्रश्न विचारत जा.

पहिले त्याच्याच आकड्यांचा हिशोब करायला लावा. 2020 च्या आसपास जगात ख्रिश्चन साधारण 230 कोटी, मुसलमान 200 कोटी, हिंदू 120 कोटी. सर्वात मोठा धर्म घेतला तरी दहातले सात जण त्याच्या बाहेर. मतं मोजून खरंखोटं ठरवायचं म्हटलं तर सगळेच पडते.

मग विचारा, हे लोक वाढले कसे? इथं घाई करू नका. जनगणनावाला घरी येते, घरातला एक जण सगळ्यांचा धर्म सांगून टाकते, पाळण्यातल्या पोराचाही. आता शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात दहा साक्षीदार आणले, पण दहाही जण एकाच म्हाताऱ्याचं ऐकलेलं सांगून राहिले, तर ती साक्ष एकच ना बाप्पा! दहा जणांनी आपापलं मोजून सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. धर्माच्या आकड्यात बहुतेक जन्मानंच आलेले असते, त्यात कुठं जुनी राजवट, कुठं स्थलांतर.

आपल्या नागपूरचंच पहा. 1951 ला देशात बौद्ध 1.8 लाख, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत दीक्षा घेतली, आणि 1961 ला आकडा 32 लाखांवर. बुद्धाची शिकवण काय दहा वर्षांत अठरापट खरी झाली? ती होती तेवढीच होती. हे लोक मात्र मिळालेलं सोडून आले, म्हणून या आकड्याला मी फार मानतो, पण त्यात त्यांची हिंमत दिसते, निर्वाण खरं का खोटं ते त्यातून नाही कळत.

उलटी चूकही नको. पारशी 2011 ला देशात 57 हजारच होते, म्हणून ते खोटे नाही आणि थोडे आहेत म्हणून जास्त खरेही नाही.

शेवटी विचारा, तुझ्या धर्मातलं काय तू स्वतः तपासून पाहिलं? कोणी म्हणेल दारू सुटली, कोणी म्हणेल मरणाची भीती गेली. उपयोगाचं आणि खरं यात फरक आहे, तोही बोला, पण पहिले त्याचं पूर्ण ऐकून घ्या, मधात तोडू नका.