पट भरवायचा आहे? आधी माती हातात घ्या

आमचं गाव भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात. गावच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, समितीत मी काही वर्षांपासून काम करतो. आजूबाजूच्या गावांतली पोरं यंदा पहिल्यांदाच पट भरवायचा म्हणून विचारायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, बक्षीस किती ठेवायचं? बक्षीस शेवटी ठरवा. पट थांबवायचा कुणी आणि कधी, हे सगळ्यात आधी ठरवा.

हे मी एका जानेवारीत शिकलो. आदल्या दिवशी नागपूरच्या हवामान केंद्राने आमच्या जिल्ह्याला येलो अलर्ट दिला होता. सकाळी मात्र ऊन लखलखीत. घरोघरी पाहुणे उतरलेले, लेकी-जावई आलेले, रात्रीच्या नाटकासाठी वडसाच्या झाडीपट्टी नाटक मंडळीला बयाणा दिलेला. पट पुढे ढकला म्हणायची कुणाचीच हिंमत झाली नाही, माझीही नाही. दुपारी दोनच्या सुमारास ढग चढले आणि जेमतेम दहा मिनिटं पाऊस पडला. उघडीप मिळताच लोक ओरडायला लागले, "सोडा जोड्या!" आम्ही सोडल्या. तिसऱ्या जोडीतला उजवा बैल धावपट्टीच्या मध्यावर घसरला आणि गुडघ्यावर आला. पशुवैद्यक हजर होते म्हणून उपचार लगेच झाले, बैल बराही झाला, पण पुन्हा पटात धावला नाही. मालक एक शब्द बोलले नाहीत. बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हिवाळ्यात विदर्भात पाऊस येतो तो असाच. उत्तरेकडून कोरडी थंड हवा उतरते, बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारे येतात, आणि दोन्ही आपल्या डोक्यावर भेटले की ढग, विजा, कधी गारा. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बांधावरचे धानाचे पुंजणे भिजलेले त्याने पाहिले आहेत. पण पटाच्या उत्साहात तोच शेतकरी आभाळाकडे बघायचं विसरतो.

पाऊस थांबला म्हणजे जमीन तयार झाली, असंही नाही. धावपट्टी बहुधा धान कापलेल्या बांध्यांमध्येच, म्हणजे धानाच्या शेतांतच, निघते. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती असेल तर दहा मिनिटांचा पाऊसही खुराला चिकटतो आणि वरचा थर साबणासारखा होतो. तीच माती कोरडी पडली की भेगाळते, आणि भेगेत खूर अडकला की पाय गेलाच. मोरांड, म्हणजे कमी चिकट जमीन त्यापेक्षा लवकर सुकते. दोन्हींतून निवडायची वेळ आली तर मी गावापासून लांब असली तरी मोरांड निवडेन. धसकटं मुळासकट काढा, ती खुरात घुसतात. ढेकळं फोडा, हलकं पाणी मारून वखर फिरवा, आणि हे काम चार-पाच दिवस आधी संपवा, म्हणजे माती बसायला वेळ मिळतो.

आमच्याकडचे एक म्हातारे धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारे, आहेत. सारं आयुष्य छकड्यावर, त्या हलक्या गाडीवर, गेलं त्यांचं. त्यांनी मला परीक्षा शिकवली. धावपट्टीवरची मूठभर माती उचलायची, दाबून गोळा करायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. "फुटला तं बैल सोड, बाबू. चपटा झाला तं घरी जाऊन जेव." सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाला, अशी तीन ठिकाणची माती आम्ही आता बघतो. मध्यावरच पाणी साचतं, आणि बैल तिथंच सगळ्यात जोरात असतो.

आता निर्णयाचं. आमच्या समितीत तीन माणसं ठरलेली आहेत: हे धुरकरी, पशुवैद्यक, आणि समितीतला असा एकजण की ज्याची स्वतःची जोडी पटात नाही. ही शेवटची अट सोडू नका. आदल्या रात्री आठला, सकाळी नऊला आणि पाऊस पडला तर त्यानंतर, असे तीन वेळा ते बसतात. पशुवैद्यक नाही म्हणाले की नाही. तिथे मतदान नाही. हे कागदावर लिहून जोडीमालकांची सही नोंदणीच्या वेळीच घ्या. पट रद्द झाला तर प्रवेश फी परत, हेही त्याच कागदावर. गर्दी समोर उभी असताना नवा नियम कुणी ऐकत नाही.

परवानगीचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटी पाळल्या म्हणूनच पट परत मिळाला आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची वैद्यकीय तपासणी, 1000 मीटरच्या वर धाव नाही, चाबूक, तुतारी (टोचायची काठी), विजेचा झटका काहीही नाही. अर्ज महिनाभर आधी करा आणि त्यात राखीव तारीखही मागा. परवानगी एकाच तारखेची असेल तर पट पुढे ढकलताच येत नाही, आणि मग माणसं ओल्यात बैल सोडतात.

दिवस लहान असतो, हे नवखे हमखास विसरतात. पहाटेचं धुकं आणि दव उतरायला साडेदहा-अकरा वाजतात. सुरुवातीवरून शेवटची झेंडी स्पष्ट दिसेपर्यंत पहिली जोडी सोडू नका. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारला शेवटची धाव. अकरा धरले तर मधले साडेपाच तास म्हणजे 330 मिनिटं. जोडी आणणं, जुंपणं, धाव, परत येणं धरून एका धावेला सहा मिनिटं, म्हणजे 55 धावा. नोंदणी तेवढीच घ्या.

गर्दी शेवटाच्या रेषेपुढेच जमते, निकाल बघायला. बैल थांबायला तिथेच मोकळी जागा लागते. ती नांगरून भुसभुशीत करा आणि दोन्ही बाजूंनी बांबू बांधा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप समितीतल्या दोघांच्या फोनवर हवं. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं, झाडाखाली कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. भिजलेल्या बैलांना कोरड्या फडक्याने पुसा, अंगावर गोणपाट टाका, खाली तणीस (धानाचा पेंढा) अंथरा. रात्री पारा कधी 10 अंशांखालीही जातो आणि मुक्कामाला आलेले बैल उघड्यावर बांधलेले असतात. माणसांच्या जेवणाच्या आधी त्यांचा गोठा तयार करा.

नाटक आणि पट एकमेकांत गुंतवू नका. वडसाच्या मंडळ्यांच्या तारखा दिवाळीपासूनच भरत जातात, दुसरी तारीख सहसा मिळत नाही. पट पुढे गेला तरी नाटक त्याच रात्री होऊ द्या, पाहुणे थांबतात.

मागच्या वर्षी आम्ही तेच केलं. रात्री सरी आल्या, सकाळी गोळा चपटा झाला, पट एक दिवस पुढे गेला. काही जोड्या परत गेल्या, दोन मालक चिडून बोलले. दुसऱ्या दिवशी साडेअकराला म्हाताऱ्या धुरकऱ्यांनी तिन्ही ठिकाणची माती फोडून दाखवली आणि झेंडी पडली. 31 जोड्या धावल्या. संध्याकाळी सगळे बैल आपापल्या पायांनी गाडीत चढले.