‘महल’ची खतावणी

वाशीच्या मसाला मार्केटात हिशेब लिहिण्यात माझी २८ वर्षं गेली. त्यामुळे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगसुद्धा मला कळला तो जमा-नावेतूनच. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) हा सिनेमा त्याच्या पद्धतीनं कसा वाचायचा, ते सांगतो. शेवटही सांगणार आहे, तेव्हा न पाहिलेल्यांनी आधी पाहून यावं.

पहिल्या वेळी वही उघडायची नाही. दिवे घालवायचे आणि बघायचं. छायालेखक योसेफ विर्शिंगनं काळोख असा टिपलाय की त्यात कोणीतरी उभं आहे असं वाटत राहतं. ते वाटू द्या.

वही दुसऱ्या वेळी. पान मधोमध दुमडा. डावीकडे काय दिसलं, उजवीकडे कोणाला दिसलं. हरिशंकर (अशोक कुमार) जुन्या वाड्यात येतो, तर तिथल्या तसबिरीत त्याचाच चेहरा! मग झोपाळ्यावरची मधुबाला, कामिनी. भूत आहे की नाही यात अडकू नका. ते कोडं सिनेमाच सोडवतो, ती माळ्याची मुलगी आशा निघते. आपण विचारायचं ते असं, की ही नोंद कोणाच्या खात्यातली?

युंगच्या मते पुरुषाच्या नेणिवेत, म्हणजे मनाच्या त्याला स्वतःलाही न कळणाऱ्या भागात, एक स्त्रीरूप असतं. हा त्याचा ‘ॲनिमा’ नावाचा आदिबंध, म्हणजे मनात मुळापासून असलेला साचा. स्वतःत ते ओळखलं नाही, तर समोरच्या बाईवर चढतं. याला प्रक्षेपण म्हणतात. आमच्या भाषेत, आपली रक्कम परक्याच्या खात्यावर टाकली. हरिशंकरला आशा दिसतच नाही, दिसते ती कामिनी. गंमत बघा, ‘आयेगा आनेवाला’च्या मूळ तबकडीवरही गायिका म्हणून लताऐवजी ‘कामिनी’च छापलं होतं.

आता माझी चूक. मी मसाल्याच्या डब्यांसारख्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: कामिनी ॲनिमा, वाडा नेणीव, वकील मित्र श्रीनाथ म्हणजे छाया. सगळं चपखल बसलं आणि सिनेमा मेला. छाया म्हणजे आपण नाकारलेलं आपलंच अंग. श्रीनाथ तर उलट त्याला भानावर आणू बघतो. मग छाया कुठं शोधायची?

नेरुळच्या घरी मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, “अहो, पण त्या रंजनाचं काय?”

रंजना, हरिशंकरची लग्नाची बायको. दूर ओसाड जागी नेऊन ठेवलेली, नवरा असून नसल्यासारखी. ती शेवटी विष घेते. हरिशंकर स्वतःला प्रेमाचा बळी समजतो. त्याचा निर्दयपणा बघायचा तर या बाईच्या खात्यात बघावा लागतो, आणि ते खातं तो उघडतच नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी फक्त रंजनाचे प्रसंग लिहा. आपलं लक्ष कुठं उडालं, तेही लिहा. माझी दुसऱ्या वेळची वही काढून पाहिली, तर तिच्या प्रसंगांसमोर एकच नोंद होती: ‘इथं उठून चहा टाकला.’